सावधान, एक माणूस नावं विचारत फिरतोय

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

बावीस! आज माझ्या मोबाईल वर्गाला बावीस जणी आल्या. समाजमंदिरातल्या सतरंज्या कमी पडल्या. पंचफुलाबाई खताच्या रिकाम्या पोत्यावर बसल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "मला हेच बरं. तू शिकीव."

आजचा विषय — अनोळखी माणसाला काय सांगायचं नाही. फळ्यावर लिहिलं : पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार नंबर, घरात कोण कोण आहे, पोरंबाळं कुठं असतात. पंचफुलाबाईंनी हात वर केला. (बोलायच्या आधी हात वर करायचा, ही माझी शिस्त. बावीस जणींत त्या एकट्याच पाळतात. वय सत्तरच्या पुढं!)

"पुनम, मग माणसानं बोलायचं तरी काय गं? आम्ही तर एवढंच बोलताव."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना वाटलं, प्रश्न खरा होता आणि मी उत्तर दिलंच नाही.

करिश्मा मात्र हसत नव्हती, लिहीत होती. गावातल्या दयानंदची बायको. मे महिन्यात लग्न होऊन भोकरहून आली. फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, मी चुकून पुसलेलंसुद्धा विचारून घेते. अशी एक जरी समोर असली तरी अंगावर मूठभर मांस चढतं.

वर्गात सांगितलेलं रोजच्यासारखं 'आपलं घर' ग्रुपवरही टाकलं. त्यात आम्ही चौघंच — अण्णा, माय, मी, आणि विष्णुपुरीला मावशीकडं शिकणारी धाकटी बहीण सृष्टी. अण्णांचा अंगठा एका सेकंदात! इतक्यात कुणाचं वाचून होतं?

"वाचलं का अण्णा?"

"हाव की! लई भारी लिवलीस."

अण्णा चौथी शिकलेले. एस.टी.ची पाटी वाचतात, खताच्या पोत्यावरचं वाचतात. लांबलचक आलं की डोळे चुरचुरतात म्हणतात. पण अंगठा आधी!

१६ डिसेंबर, सोमवार

मायनं स्वतःच्या हातानं पहिला आवाजी मेसेज पाठवला. "हॅलो… हॅलो… ए पुनम, जातंय का हे? न्हाई जात वाटतं." बारा सेकंद. कधीच पुसणार नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मोठी गोष्ट झाली. शांतपणे लिहिते.

दुपारी वर्ग होता, पण तूर काढणी चालू असल्यामुळं सहाच जणी आल्या. पंचफुलाबाई आठवड्यासाठी उदगीरला लेकीकडं. मी फळा पुसत होते, तेवढ्यात करिश्मा धावत आली. पदर कुठं, चप्पल कुठं!

"ताई, तुम्ही सांगितलं तसंच झालं! एक माणूस आला. म्हणतो, घरात नवीन सून आली म्हणं, नाव सांग. बापाचं नाव सांग. माहेर सांग. जावेच्या लेकरांची नावं, जन्म कधीचा… आणि मोबाईल असा तोंडासमोर धरला, म्हणतो ह्यात बोल!"

"मग?"

"मग काय! काही न्हाई सांगितलं. दार लावून घेतलं!"

मला तिला मिठी मारावी वाटली. मी घाईनं गेले. पारापाशी मोटारसायकल उभी होती, नंबर कर्नाटकचा. मागं बांधलेली मोठी पिशवी. माणूस पलीकडच्या बोळात गेला होता, पाठ दिसली — डोक्याला रुमाल, चालणं सावकाश. मी गाडीचा आणि पिशवीचा फोटो काढला. त्याचा चेहरा काढला नाही. विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा काढायचा नाही हे मीच शिकवते, मग मीच कसा मोडू?

मग हे लिहिलं :

"सावधान! आपल्या गावात एक माणूस घरोघरी नावं विचारत फिरतोय. मुलांची नावं, जन्म, लेकी कुठं दिल्या हे विचारून मोबाईलमध्ये आवाज भरून घेतो. गाडी कर्नाटकची. कुणीही माहिती देऊ नये. — पुनम, मोबाईल वर्ग. (खात्री होईपर्यंत हा मेसेज ग्रुपबाहेर पाठवू नये.)"

वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. घरच्या ग्रुपवर टाकलं. अण्णांचा अंगठा — एक सेकंद!

माय-अण्णा दिवस मावळता शेतातून आले, दोघांच्याही अंगावर तुरीचा भुसा. मी सगळं सांगणार होते, पण माय चुलीपुढं बसल्या बसल्या पेंगायला लागली. राहिलं.

शिकल्याचा उपयोग म्हणतात तो हाच असेल का? घरात पहिली पदवी आली तेव्हा अण्णांनी गावभर पेढे वाटले होते. मला तेव्हा लाजच वाटली होती — अजून केलंय काय मी? आज पहिल्यांदा वाटलं, त्या पेढ्यांची परतफेड झाली.

२० डिसेंबर, शुक्रवार

तो माणूस काल संध्याकाळीच गाव सोडून गेला म्हणे. तीन-चार घरांनी दारं लावली. शाब्बास माझ्या बायका!

२१ डिसेंबर, शनिवार

लातूरच्या मैत्रिणीचा फोन. "पुनम, तुमच्या चाकूर भागात टोळी आलीय. जपून राहा गं. थांब, तुला मेसेज पाठवते."

मेसेज आला. माझाच! शब्द माझे, फोटो माझा, खाली नावही माझं. पण कंसातली ओळ कुणीतरी काढून टाकली होती. आणि मधे घातलं होतं : "टोळी फिरत आहे. लेकरं उचलतात. दिसला की पकडा."

मी हे लिहिलं नाही. मी हे लिहिलं नाही! कुणी घातलं? आणि मुळात बाहेर कुणी नेलं?

"हे माझ्या गावचंच आहे," एवढंच मैत्रिणीला म्हणाले. ती म्हणाली, "अगं, नाव तुझंच आहे ना खाली? म्हणून तर खरं मानलं आम्ही."

२२ डिसेंबर, रविवार

लपवावंसं वाटतंय. तरी लिहिते.

पंचफुलाबाई उदगीरहून परतल्या. पिशवी घरी न ठेवता थेट आमच्या ओट्यावर.

"सिंधु! हेळवी येऊन गेला म्हणं? आन् मी न्हाई गावात! माझ्या नातवाच्या पोराचं नाव लिवायचं राह्यलं की गं!"

माय म्हणाली, "कवा आला? आम्ही तर तुरीत व्हताव."

"कोण हेळवी?" मी विचारलं.

"संगप्पा गं! बिदरकडचा. त्याचा बाप नंदी घेऊन यायचा घंटी वाजवत, ह्यो आता फटफटीवर येतो. सात-आठ वरसातून एकदा. तू तवा नांदेडला मावशीकडं व्हतीस, तुला कसा ठावं असंल?"

"आणि… काय करतात ते?"

"काय म्हंजी? नावं लिवतात! कोण जल्मलं, कोण गेलं, कुणाची लेक कुठं दिली. आपल्या अख्ख्या भावकीची नावं हायत त्याच्याकडं, तुझ्या पणज्याच्या पणज्यापासनं. शिकली-सवरलेली तू, येवढं न्हाई ठावं?"

मी आत गेले. मोबाईल आणला. त्यांना वाचून दाखवलं. लपवून काय करायचं होतं?

पंचफुलाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "टोळी? संगप्पा? आगं, त्याला जवळचं अक्षर धड दिसत न्हाई डोळ्याला."

म्हणूनच तो मोबाईलमध्ये बोला म्हणत होता. लिहिताना दिसत नाही म्हणून.

सत्तरीच्या एका माणसाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. चार पावलांवर मारुतीच्या देवळात म्हातारी माणसं बसलेली असतात. मी नंबर प्लेट बघितली, मोबाईल बघितला, पिशवी बघितली. त्या माणसाला "राम राम, कोण तुम्ही?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

जेवताना मायनं मला तोच मेसेज अण्णांपुढं पुन्हा वाचायला लावला. वाचून झाला. अण्णा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. म्हणाले, "संगप्पाबद्दल हाय हे?" मी मान हलवली. ते ताटावरून उठले, मोबाईल घेऊन अंगणात गेले. किती वेळ तो हातात धरून नुसते उभे होते.

एवढे रागावलेले अण्णा मी कधी बघितले नाहीत. 

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी खुलासा पाठवला. "ती माझी चूक होती. ते हेळवी आहेत, आपल्या पिढ्यांची नावं लिहून ठेवणारे. कृपया हा मेसेज सगळीकडं पाठवा."

बावीस जणींपैकी तिघींनी अंगठा दिला. मैत्रिणीला लातूरला पाठवला, ती म्हणाली, "बरं." पुढं पाठवलाय असं वाटत नाही. भीतीचा मेसेज दोन दिवसांत लातूर गाठतो आणि खुलासा गावाच्या वेशीबाहेर पडत नाही!

वर्गात प्रत्येकीला विचारलं — बाहेर कुणी पाठवला? कुणीच हो म्हणेना. करिश्मा खाली बघत होती. तिचं माहेर भोकरला, तिकडं तिचे ग्रुप भरपूर. वर्ग सुटल्यावर तिच्या दारात गेले. जरा कडकच बोलले.

"न्हाई ताई. तुम्ही कंसात लिहिलं होतं ना, पाठवू नये म्हणून. मी कशी पाठवीन?"

"मग एवढी घाबरलीस का?"

ती रडायला लागली. मी निघून आले.

२४ डिसेंबर, मंगळवार

एक व्हिडिओ आला. आमच्या तालुक्यातलंच एक गाव. (नाव लिहीत नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे.) ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक म्हातारा बसवलेला. भोवती पोरं. एक जण विचारतोय, "बोल, कुणासाठी नावं गोळा करतो?" म्हातारा हात जोडून सांगतोय, पण अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि पोरं हसतायत. लाल फडक्यात बांधलेली एक जाड वही एकानं वर धरलीय — "हा बघा पुरावा!" म्हाताऱ्याचे हात त्या वहीकडं जातात, पोरगं वही आणखी वर धरतं.

कुणी मारलं नाही. देवा, कुणी मारलं नाही.

अण्णांना दाखवला. त्यांना पुन्हा बघायचा होता पण लावता येईना, मीच लावून दिला. मग म्हणाले, "उद्या गाडीत तेल टाकतो. चल."

"कुठं?"

"जिथं जिथं गेलंय तिथं. मोबाईलवर गेलेलं मोबाईलवर यायचं न्हाई. तोंडानं सांगावं लागंल."

२५ डिसेंबर, बुधवार

पहिलं गाव. हॉटेलात चहा घेतला. कपबशी ठेवता ठेवता हॉटेलवाला अण्णांना म्हणाला, "पाहुणे, लेकीला घेऊन फिरताय, जपून बरं. टोळी हाय. हे बघा," — आणि खिशातून मोबाईल काढून माझाच मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवला. "पुनम म्हणून कुणीतरी म्याडम हायत. लई हुशार बाई म्हणं."

अण्णा म्हणाले, "हीच ती."

मी उभी राहिले. पाच-सहा माणसं होती. सांगितलं सगळं. वर्गात बोलते तसा आवाज निघेना. मध्येच थांबले तेव्हा अण्णा पुढं झाले, हात जोडले. "लेकरानं भल्यासाठी लिवलं. पुढं गेलं त्यात चूक दोघांची हाय. माझी बी हाय."

मला भरून आलं. काहीही चूक नसताना माझ्यासाठी चूक अंगावर घेणारा बाप! बाहेर आल्यावर म्हटलं, "अण्णा, तुम्ही कशाला असं म्हणता?" ते किक मारत राहिले. गाडी पाचव्या किकेला लागली. 

एका दिवसात तीन गावं. तिन्हीकडं अण्णांचं तेच — "चूक दोघांची हाय."

तिसऱ्या गावात एका आजीबाईंनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं आला व्हता संगप्पा. मी वळखलं. पोरांनी येऊ दिला न्हाई आत. मी आतून बघत बसले बाई. माझी बी चूक झाली." मग गूळ-शेंगदाणे दिले. माफी मागायला गेले आणि ओंजळ भरून परत आले.

२६ डिसेंबर, गुरुवार

सापडले!

त्याच व्हिडिओतल्या गावात. ग्रामपंचायतीसमोर लिंबाखाली बसलेले. भिंतीला पाठ, शेजारी ती पिशवी, रिकामी. दोन दिवस तिथंच. पोरांनी सोडून दिलं होतं, पण वही — ते तिला बाड म्हणतात — पंचायतीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवक शुक्रवारी येणार.

"घरी का नाही गेलात?" मी विचारलं.

"बाड टाकून कसं जाऊ, अव्वा? तीनशे घरं हायत त्यात."

अण्णा त्यांच्या पायाशी बसले. मीही. संगप्पांनी माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "तू भुजंगची थोरली न्हवं? भुजंगचा बाप निवृत्ती. निवृत्ती तीन भाऊ. मधला तेलंगणात गेला, तिकडंच राह्यला. निवृत्तीचा बाप…" असे ते मागं मागं जात राहिले, सात पिढ्या, एकदाही न अडखळता. मला आजोबांच्या वडिलांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"सगळं तर पाठ आहे तुम्हाला. मग बाड कशाला?"

"मी मेलो तर डोस्कं कोण नेणार?"

मग मी माझं सांगितलं. ते ऐकत होते. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "पण मी तुमचा चेहरा फोटोत घेतला नव्हता. मुद्दाम."

संगप्पा पहिल्यांदा हसले. "तेच तर चुकलं, तंगी! चेहरा घेतला असतास तर म्हातारी माणसं वळखून म्हणली असती, हा तर आपला संगप्पा. गाडीला कोण वळखतंय? गाडी भाच्याची हाय."

अव्वा म्हणजे आई आणि तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे नंतर कळलं.

व्हिडिओ काढणारा मुलगा आला. सोमेश. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मान खाली. मी रागावायचं ठरवून आले होते. तोच आधी म्हणाला, "ताई, तुमचाच मेसेज होता. आम्हाला वाटलं, शिकलेलं माणूस लिहितंय म्हणजे बघून लिहिलं असेल."

त्यानं व्हिडिओ माझ्यासमोर पुसला. त्याच्या मोबाईलमधून. बाकी किती मोबाईलमध्ये आहे, ते त्यालाही माहीत नाही.

संगप्पांना बायकोचा फोन आला. शांतम्मा. आवाज एवढा मोठा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. कानडी कळत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. संगप्पा "हूं, हूं" करत होते. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "घे, बोल. तिला सांग, मी जिवंत हाय."

मी म्हणाले, "मावशी, मी पुनम. चूक माझी आहे. उद्या बाड मिळालं की पोचवते त्यांना."

पलीकडच्या शिव्या थांबल्या. मग मोडक्या मराठीत — "जेवला का तो?"

२७ डिसेंबर, शुक्रवार

ग्रामसेवक बारा वाजता आले. कपाट उघडलं. बाड निघालं. एक पान सुटलं होतं, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. संगप्पांनी फडकं सोडून सगळी पानं बोटांनी चाचपली. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मग बाड कपाळाला लावलं.

गावातली बरीच माणसं जमली होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. आज आवाज निघाला. अण्णांनी पुन्हा हात जोडले, पुन्हा तेच म्हणाले. सोमेशनं बाजारातून नवं लाल फडकं आणून दिलं.

अण्णा म्हणाले, "संगप्पा, सोमवारी येळवस हाय. आमच्या रानात जेवायला यायचं."

संगप्पा म्हणाले, "तुमच्या गावात दारं लावलीत मला."

अण्णा म्हणाले, "रानाला दार कुठं असतंय?"

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस

आले!

पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, यंदा अण्णांनी मोठी बांधली. आत पाच दगडांचे पाच पांडव मांडले. मायनं पहाटे उठून डाळी-पालेभाज्यांची भज्जी केली, आंबील केली, बाजरीचे उंडे, खीर. निम्मं गाव आपापल्या रानात. बांधावरून जो जाईल त्याला हाक — या, येळवस हाय! आजच्या दिवशी कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. आधी पान वाढायचं.

आणि मला पंचफुलाबाईंचा प्रश्न आठवला. मग माणसानं बोलायचं तरी काय?

संगप्पा शांतम्मालाही घेऊन आले. शांतम्मांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हीच का ती? केवढीशी हाय! मला वाटलं, मोठी म्याडम आसंल." आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं उंडा टाकला.

जेवणं झाली. संगप्पांनी बाड उघडलं. भावकीतली सगळी माणसं कोपीपुढं बसली. ते वाचत नव्हते, म्हणतच होते, बाड फक्त मांडीवर. पंचफुलाबाईंनी हात वर केला! इथंही! "माझ्या नातवाच्या पोराचं नाव घ्या आधी. लई दिवस थांबलेय." सगळे हसले. नाव लागलं.

मी विचारलं, "माझं नाव आहे का?"

"लेकीचं नाव दिली की लागतं, अव्वा. कुणाला दिली, कुठं दिली."

"आणि दिली नाही तर?"

संगप्पांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "लिवा की तिचं. शिक्षण बी लिवा."

"शिक्षण लिवायची चाल न्हाई, भुजंगराव. माझ्या थोरल्या भावाला इचारल्याबिगर नवं काही बाडात चढत न्हाई."

"मग इचारा."

"इचारतो. तवर ह्यात घेतो." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तोच. माझ्या तोंडासमोर धरला. "बोल."

मी पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. वडिलांचं नाव, आईचं नाव, आईचं माहेर. पदवी सांगितली. वर्गात फळ्यावर लिहिलेलं, 'सांगायचं नाही' म्हणून शिकवलेलं, एक-एक सगळं सांगितलं. माय तोंडाला पदर लावून हसत होती.

हे सांगणं आणि ते सांगणं यात फरक काय, हे मला नीट मांडता येत नाही अजून. पण आहे. ज्याला सांगितलं तो माझ्या रानात बसून जेवला. त्याची बायको माझ्या मायशी भज्जीच्या डाळीवरून वाद घालत होती. पुढच्या वर्गात हेच सांगेन, आणि पंचफुलाबाईंनी हात वर केला की त्यांनाच उत्तर द्यायला लावीन.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

वर्गात नवा नियम. काहीही धोक्याचं पाठवायच्या आधी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. पंचफुलाबाईंना ग्रुपचं ॲडमिन केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःलाच चुकून काढून टाकलं!

करिश्मा आजही आली नाही. तिसरा वर्ग बुडाला. मी मनातून तिला केव्हाच माफ केलंय. माणसाच्या हातून होतं. पण तिनं एकदा कबूल तरी करायचं.

५ जानेवारी, रविवार

अण्णांचा मोबाईल भरला. "फोटो येईनात, बघ जरा." बघायला बसले. गुलाब, सूर्य, सुप्रभात — पाचेकशे असतील. पुसत पुसत मोंढ्यातल्या सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर पोचले. १९ डिसेंबर. माझा मेसेज, कंसातल्या ओळीसकट. आणि त्याच्याखाली अण्णांचा आवाज, नऊ सेकंद :

"राम राम मंडळी. हे माझ्या पोरीनं लिवलंय. पदवी झालीय तिची. समद्यांनी वाचा, आन् पुढं पाठवा."

भजनी मंडळाच्या ग्रुपवरही. दूध संकलनाच्या ग्रुपवरही. अकरा ग्रुप. सगळीकडं तेच नऊ सेकंद.

अण्णा म्हशीपुढं कडबा टाकत होते. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितलं. पेंढी खाली ठेवली.

"मी म्हनलो व्हतो की," ते म्हणाले, "चूक दोघांची हाय म्हणून."

मी त्यांना करिश्माचं सांगितलं. ते ओट्यावर बसले. उद्या सकाळी दोघं तिच्या दारात जाणार आहोत.